झाकणराव आणि टाकीचं भोक

फळं आणि वाटाणे डब्यात भरणाऱ्या कारखान्यात झाकणरावांना एकच काम होतं. पट्ट्यावरून डबे पुढे सरकत यायचे आणि हे हातातल्या बारीक सळईने झाकणांवर टिचकी मारायचे. टण्ण असा आवाज आला की डबा पास. भद्द आवाज आला की आत हवा शिरली, डबा बाद. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि दुसरं काही करण्यासारखं या जगात आहे असं त्यांना वाटलंही नाही. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी कारखान्यात काय आणि गल्लीत काय, ते झाकणराव. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं. झाकणरावांनी ते मानाने घेतलं.

त्यांनी पास केलेला डबा कधी फुगला नाही, असं ते सांगत. डबे फुगत होते. दुकानदार ते पेट्यांनी परत पाठवत होते. पण प्रत्येक वेळी झाकणरावांकडे कारण तयार असे. फळच आधीपासून बिघडलेलं होतं, गोदामाच्या पत्र्याखाली ऊन लागलं, हमालाने पेटी आपटली. चूक कुठे झाली हे त्यांना नेहमी सापडायचं आणि ती नेहमी दुसऱ्याच्या दारात सापडायची. निवृत्त होताना साहेबांनी ती सळई त्यांना भेट म्हणून दिली. तेव्हापासून ती शर्टाच्या खिशात पेनाशेजारी राहू लागली. त्या खिशातल्या पेनाने त्यांनी फारसं काही लिहिलं नाही, पण सळईला मात्र एक दिवस सुट्टी मिळाली नाही.

दार, खिडकी, पाण्याची टाकी, बाजारातलं कलिंगड, न्हाणीघराची फरशी, सगळ्यांवर टिचकी पडे. घराच्या खिडक्यांना त्यांनी कडेने नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या ठोकल्या होत्या. वारा आला की धूळ येते, धूळ आली की सर्दी येते, आणि सर्दी आली की डॉक्टर घरात शिरतो, असा त्यांचा हिशोब. उन्हाळ्यात त्या घरात बसलं की माणूस वाफेवर शिजतो आहे असं वाटे. पाहुणे पाणी पिऊन पाचच मिनिटांत उठत, आणि झाकणराव म्हणत, "हल्ली लोकांना बसायला वेळच नसतो."

अशा घरात त्यांची बायको सुखाने नांदली असं म्हणणं धाडसाचं होईल, पण नांदली खरी. तिचं आणि त्यांचं एका बाबतीत हाडवैर होतं. तेलाचा नवा पत्र्याचा डबा घरात आला की ती खिळा आणि हातोडी घेऊन बसे आणि त्याला दोन भोकं पाडे, एक या कोपऱ्यात आणि एक समोरच्या. झाकणराव तेवढ्या वेळापुरते घराबाहेर जाऊन उभे राहत. चांगल्या बंद केलेल्या डब्यावर खिळा ठोकलेला त्यांना बघवत नसे.

"एका भोकाने भागत नाही का तुझं?" ते बाहेरूनच विचारत.

"नाही भागत. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?"

"तेलाला सवय लावली की येतं."

यावर ती दुसऱ्या भोकावर हातोडीचा एक जास्तीचा घाव घाली. संसार असाच चालला होता.

झाकणरावांची मोटरसायकल जुनी, जड आणि काळी. घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून ती उभी असे, म्हणजे सकाळपासून उन्हात. एकदा बाहेरच्या खोलीत पेट्रोलचा वास आला. झाकणराव वासाच्या मागे नाक घेऊन निघाले ते थेट टाकीच्या झाकणापाशी पोचले. सवयीने टिचकी मारली. भद्द. खाली वाकून बघतात तर झाकणाला मध्यभागी टाचणी जाईल एवढं भोक. त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढा मोठा कारखाना, एवढे शिकलेले इंजिनिअर, आणि टाकीच्या झाकणाला भोक ठेवून गाड्या रस्त्यावर सोडतात. ही गाडी आपल्या पट्ट्यावरून गेली असती तर बाद झाली असती, हे त्यांनी त्या दिवशी भेटेल त्याला ऐकवलं.

घरात कारखान्यातून आणलेली झाकणाच्या कडेला लावायची रबरी लापशी होती. ती त्यांनी भोकात भरली, बोटाने दाबली, रात्रभर वाळू दिली. सकाळी टिचकी मारली तर टण्ण. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

मग ऊन तापलं. काळी टाकी दुपारपर्यंत इतकी तापे की हात ठेवला तर चटका बसे. आतलं पेट्रोलही तापून वाफ धरे, आणि वाफेला बाहेर जायला वाट नाही. झाकणराव पेट्रोल भरायला गेले आणि पंपावरच्या माणसाने झाकण फिरवलं, तसा फुस्स करून मोठा आवाज झाला आणि पेट्रोलचा फवारा त्याच्या शर्टावर उडाला.

"काका, टाकीत सोडा भरलाय का?" तो शर्ट झटकत म्हणाला.

"याला सील म्हणतात," झाकणराव म्हणाले. "आत काय कोंडून धरलंय बघितलंस ना."

तो माणूस त्यानंतर ही मोटरसायकल दिसली की पंपाच्या मागे काहीतरी काम काढी.

पंपावरचा प्रकार परवडला, रस्त्यावरचा वाईट. गाडी घरातून निघे ती झोकात. बाजार ओलांडला, पुलापर्यंत गेली, चढ लागला की खोकायला लागे आणि मान टाके. झाकणराव उतरत, किल्लीने टाकीचं झाकण उघडत, आत डोकावत. पेट्रोल भरपूर असे. झाकण लावत. मग हँडल धरून गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे अशी जोरजोरात हलवत. किक मारली की गाडी चालू. अर्थात श्रेय हलवण्याला गेलं. उन्हाने पेट्रोल जड होतं आणि तळाला बसतं, ते हलवून वर आणावं लागतं, असा शोध झाकणरावांनी लावला आणि मोठ्या मनाने सगळ्यांना सांगितला. चढावरचा शिंपी त्यांची गाडी खोकताना ऐकू आली की मशीन थांबवून दारात येई. बघण्यासारखं दुसरं काही त्या रस्त्यावर नव्हतं.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी टाकीवर ओलं पोतं बांधायला सुरुवात केली. टाकी थंड राहिली तर पेट्रोल हलकं राहील, हे त्यामागचं शास्त्र. गाडी मग चढापर्यंतही पोचेना. पुलावरच बसू लागली.

मिस्त्रीकडे नेली तर तो यांच्यापेक्षा शहाणा. न विचारता बोलायचा आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचा नाही. गाडी आली की तो पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून बाजूला ठेवी, आत बघून मान हलवी आणि कार्बोरेटर काढायला बसे. झाकण तसंच बाजूला. कार्बोरेटर धुऊन बसवला की गाडी तासभर घुमत राही. "बघा," तो म्हणे, "कचरा होता." झाकणराव समाधानाने झाकण लावून घरी येत आणि दुसऱ्या दिवशी पुलावर बसत. दोन शहाणे एका झाकणाभोवती उन्हाळाभर फिरत होते, आणि दोघांपैकी एकालाही ते दिसत नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण झाकणरावांनी आयुष्यात आणखी एक झाकण घट्ट लावलेलं होतं.

त्यांना एकच मुलगी. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं आणि ही बातमी झाकणरावांच्या कानावर सगळ्यात शेवटी आली. जावई तसा वाईट नव्हता. नोकरीत होता, सरळ होता, व्यसन नव्हतं. फक्त तो झाकणरावांनी टिचकी मारून पास केलेला नव्हता. झाकणरावांनी सांगून टाकलं, "हा विषय बंद." ते असं काही म्हणाले की घरात ते बंदच होई. मुलीचं नाव निघेनासं झालं, तिचा फोटो कपाटात गेला, आणि तिची खोली पट्ट्या ठोकून बंद झाली, धूळ येऊ नये म्हणून.

बायकोने या डब्यालाही आपल्या परीने भोक पाडून ठेवलं होतं. दुपारी हे झोपले की ती स्वयंपाकघरात मुलीशी फोनवर बोले. झाकणरावांना ते माहीत होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडत आणि ऐकत. ऐकू यायचं ते निम्मंच, पण तेवढ्यासाठी त्यांनी दुपारची झोप कायमची सोडली होती. मुलीला मुलगा झाला हे त्यांना असंच कळलं. त्या संध्याकाळी ते घरातल्या सगळ्या दारांवर टिचक्या मारत फिरले. बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, दार फुगलंय. सांगायला हरकत नाही की त्यांना रडू येत होतं.

आता जावयाची बदली झाली होती, फार लांब. मुलगी बाळाला घेऊन त्याच्याकडे निघाली होती आणि तिची बस यांच्या गावच्या स्टँडवर थोडा वेळ थांबणार होती. एकदा ती तिकडे गेली की परत कधी येईल याचा नेम नव्हता. बायकोने बाळासाठी विणलेले कपडे फडक्यात बांधले, गाठ सुटू नये म्हणून वर एक मोठी पिन लावली आणि झाकणरावांसमोर उभी राहिली.

"मी स्टँडवर जातेय. शेजारणीचा मुलगा सोडतो म्हणालाय."

झाकणराव वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. "परक्याच्या गाडीवरून कशाला? मी सोडतो."

"तुम्ही?"

"स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत. आत येणार नाही."

 पण हे कोपऱ्यापर्यंत सोडणारे गृहस्थ आदल्या दिवसापासून गाडी पुसत होते, हे तिने बघितलं होतं. त्यांनी नवा शर्ट घातला होता. दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर कापलं होतं.

तयारीत त्यांनी कसर ठेवली नव्हती. आज गाडीने दगा देता कामा नये म्हणून टाकीच्या झाकणाच्या कडेलाही रबरी लापशीचा एक हात फिरवला होता. पोतं दुप्पट घडी करून थंडगार पाण्यात बुचकळून टाकीवर बांधलं होतं. थोडक्यात, गाडी बंद पाडण्यासाठी माणसाला जेवढं करता येतं तेवढं सगळं त्यांनी करून ठेवलं होतं.

गाडी पुलावर पोचायच्या आधीच खोकली आणि थांबली.

झाकणराव उतरले. त्यांनी पोतं बाजूला केलं, किल्ली फिरवली. झाकण हललं नाही. त्यांनी जोर लावला. आत थंडावून आकसलेली वाफ झाकण खाली ओढून धरत होती आणि कडेची लापशी वाळून चिकटून बसली होती. झाकणरावांनी आयुष्यात लावलेलं हे सगळ्यात उत्तम झाकण होतं.

"राहू दे, उघडायचं कारण नाही," ते म्हणाले आणि हँडल धरून गाडी हलवू लागले. डावीकडे, उजवीकडे. किक मारली. पुन्हा हलवली. घामाने नवा शर्ट पाठीला चिकटला. गाडी गप्प. किक मारून मारून त्यांचा गुडघा बोलायला लागला, पण गाडी बोलेना. रस्त्याने एक रिकामी रिक्षा येत नव्हती आणि भरलेली थांबत नव्हती.

"अहो, बस निघून जाईल."

"मिस्त्रीने नीट बसवला नाही कार्बोरेटर. पंपवालाही भेसळ करतो. आणि हे ऊन..."

"आज तुम्ही झाकण उघडलं नाहीत," बायको म्हणाली.

"त्याचा काय संबंध?"

"रोज आधी उघडता, मग हलवता. आज नुसतं हलवताय."

झाकणराव थांबले. तिच्याकडे बघत राहिले. पुढचं बोलायची तिला गरज नव्हती, पण एवढ्या वर्षांनी संधी आली होती, ती कशाला सोडेल?

"हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?"

तिने कपड्यांच्या गाठोड्याची पिन काढली. झाकणाच्या मध्यभागी, जिथे लापशी भरली होती तिथे तिने टोक टेकवलं आणि झाकणरावांकडे बघितलं. ही शेवटची वेळ होती त्यांना 'नको' म्हणायची. ते म्हणाले नाहीत. या वेळी दूर जाऊन उभेही राहिले नाहीत. पिन आत गेली. टाकीने सुस्स करून इतका लांब श्वास आत घेतला की दोघांनाही तो ऐकू आला. तिने पिन गोल फिरवून भोक ऐसपैस केलं. पहिल्या किकला गाडी चालू झाली.

बाकीचा रस्ता झाकणरावांनी कसा कापला ते त्यांचं त्यांना ठाऊक. कोपरा आला आणि गेला. कोपऱ्यापर्यंतच यायचं होतं, याची कोणी आठवण काढली नाही. ते थेट स्टँडच्या फाटकातून आत शिरले तेव्हा बस फलाटावरून मागे येत होती. काचा न उघडणारी, थंडगार, नव्या पद्धतीची बस. बायको गाठोडं धरून दाराकडे धावली आणि दारावर हात मारू लागली. ड्रायव्हरने आतून हातानेच नाही म्हटलं. फाटकाशी समोरून दुसरी बस आत येत होती म्हणून तेवढा वेळ त्याला थांबावं लागलं.

झाकणराव खिडक्यांच्या रांगेकडेने पळत होते. मुलगी मागून तिसऱ्या काचेत दिसली. तिनेही त्यांना बघितलं आणि ती दचकली. मग तिने मांडीवरचं बाळ उचलून काचेशी धरलं. बाळाला जावयाचं नाक होतं आणि कपाळ झाकणरावांचं. झाकणरावांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि सळईने त्यांनी काचेवर टिचकी मारली. जाड काच होती, दुहेरी. कुठूनही हवा शिरणार नाही अशी. अशा बंदोबस्ताचं त्यांनी एरवी कौतुक केलं असतं.

मग ते बोलायला लागले. जे कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. मला सगळं ऐकू येत होतं, दुपारी मी झोपत नव्हतो, तुझ्या खोलीच्या पट्ट्या काढतो, जावयालाही हे सांग. हातवारे करत, मान हलवत, मोठमोठ्याने बोलले. आत मुलीला एक अक्षर पोचत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच की वडील लाल चेहऱ्याने, हातात ती सळई घेऊन, पुन्हा तिच्यावर ओरडत आहेत. तिने बाळाला छातीशी ओढलं आणि मान खाली घातली. बस निघून गेली.

झाकणराव फाटकाकडे बघत उभे राहिले. बायको गाठोडं घेऊन तशीच परत आली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगीच होती. स्टँडच्या गोंगाटातही तिचं रडणं ऐकू येत होतं.

"आई, आजच्या दिवशीसुद्धा? इतकं काय ओरडत होते बाबा?"

बायकोने झाकणरावांकडे बघितलं. या घरात बापाचं मुलीला आणि मुलीचं बापाला सांगायचं काम तिने जन्मभर केलं होतं. बाबा रागावलेले नाहीत, बाबा दमलेत, बाबांना तसं म्हणायचं नव्हतं. आताही तिने ते सांगितलं असतं आणि मुलीने नेहमीसारखं अर्धंमुर्धं मान्य केलं असतं. तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

"काय ओरडत होतात ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

झाकणरावांनी फोन घेतला. काचेपुढे धबाधबा वाहणाऱ्या शब्दांपैकी आता एकही येईना. घसा खाकरून झाला. पलीकडे बाळ कुरकुरलं, तेवढं ऐकून झालं.

"उशीर झाला यायला," ते शेवटी म्हणाले. "गाडी बंद पडली होती."

 गाडी बंद पडली तर पुढे काय येणार हे तिला लहानपणापासून पाठ होतं. मिस्त्री, ऊन, पंपवाला. ती वाट बघत राहिली.

"माझ्यामुळे पडली," झाकणराव म्हणाले.

 फोन कट झाला की काय म्हणून झाकणरावांनी तो कानापासून दूर धरून बघितला आणि पुन्हा कानाला लावला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पुढच्या गावाला बस जेवायला थांबते. तिथे दार उघडतात. याल?"

झाकणरावांनी मोटरसायकलकडे बघितलं. बायको आधीच मागच्या सीटवर बसली होती आणि ओलं पोतं तिने काढून कचऱ्याच्या पिंपात टाकलं होतं.

"येतो," ते म्हणाले. "तुझ्या आईकडे पिन आहे."